गुरुवारची मंडळी

छोटा धंदा करणाऱ्या माणसाकडे विक्रीचे किमान चार आकडे तयार असतात. कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत जाताना एक, सीएच्या ऑफिसात दुसरा, सासुरवाडीला तिसरा आणि कामगारांनी दिवाळीच्या बोनसचा विषय काढला की चौथा. बँकेतला आकडा चांगला भरलेला असतो, बोनसच्या वेळचा आजारातून उठल्यासारखा दिसतो. (१ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून पहिल्या दोन आकड्यांना एकमेकांची ओळख ठेवावी लागते, ही गोष्ट वेगळी.) यात तो माणूस लबाड असतो असं कोणी समजू नये. ज्याला जे ऐकून बरं वाटतं, ते तो ऐकवतो. अडचण एवढीच, की पाचवा आकडा, म्हणजे खरा, सांगायला कोणी उरतच नाही.

घरी सांगावा तर बायको रात्रभर जागी राहते आणि सकाळी विचारते, ‘जुन्या कंपनीत अजून ओळखी आहेत ना तुझ्या?’ ऑर्डरी कमी झाल्याचं कामगारांना कळलं, तर त्यातले दोघं सोमवारी शेजारच्या शेडमध्ये दिसतात. वडिलांनी ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य कित्येक वर्षं घडी घालून कपाटात ठेवलेलं असतं, ते बाहेर काढायला आपण कशाला निमित्त द्यायचं? राहता राहिला मेव्हणा. तो चांगला माणूस आहे, मोठ्या कंपनीत आहे, मन लावून ऐकतो आणि शेवटी उसासा टाकून म्हणतो, ‘पण तुझं बरं आहे बाबा. तुला विचारणारं कोणी नाही.’

दुखणं नेमकं तेच आहे, हे मेव्हण्याला समजावून सांगायचं कसं?

माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय, गिऱ्हाइकानं मापं दिली की आम्ही खोकी करून देतो. जगात इतक्या वस्तू तयार होतात, पण घरी आणल्याबरोबर फाडून फेकून देण्यासाठीच जी जन्माला येते, अशी माझी वस्तू आहे. या धंद्यात माणूस आपोआप विरक्त होतो. शेड भोसरीला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी जग घरी असतं तेव्हा आम्ही कामावर, आणि गुरुवारी आम्ही घरी तेव्हा घरात कोणी नसतं. गुरुवारी दुपारी एकट्यानं टीव्हीसमोर बसण्यापेक्षा चार माणसांत बसावं, यातून आमचा गट सुरू झाला. प्रेरणा एवढीच. उदात्त वगैरे तीत काही नव्हतं.

महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही भेटतो, दर वेळी वेगळ्या सभासदाच्या जागेत. आडनावं केव्हाच मागे पडली. सीएनसीवाला आहे, त्याच्याकडे संगणकावर चालणारी दोन लेथ मशिनं आहेत आणि बोलताना तो दोन दशांश स्थळांपर्यंत बोलतो. छापखानेवाले काका आहेत. पेस्ट कंट्रोलवाला आहे, त्याच्याशी कुठल्याही विषयावर बोलायला लागलं की गाडी वाळवीवर येऊन थांबते. चकलीवाल्या ताई आहेत. आणि मी खोकीवाला. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, हा नियम आम्ही फार विचार करून केला असं वाटत होतं. पुढे कळलं, की तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९०५ साली शिकागोत एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघं जमले. आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव पडलं रोटरी. त्यांच्यातही एका व्यवसायाचा एकच सभासद, असा दंडक होता. पुढे रोटरीनं पोलिओच्या मागे लागून जगभर काम केलं. आमच्याकडून कोणी इतक्या अपेक्षा ठेवू नयेत.

त्याच्याही आधी, १७२७ साली, फिलाडेल्फियात एकवीस वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिननं ‘जुंटो’ नावाची मंडळी जमवली होती. फ्रँकलिन छापखान्यातला. बाकीच्यांत काचकाम करणारा, जोडे शिवणारा, सुतारकाम करणारा, जमीन मोजणारा असे हातानं पोट भरणारे लोक होते. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक. बैठकीत विचारायच्या प्रश्नांची यादीच त्यानं करून ठेवली होती. त्यात एक प्रश्न असा, की अलीकडे गावात कोणाचा धंदा बसल्याचं कानावर आलं का आणि लोक त्याचं कारण काय सांगतात. आणखी एक, की कोणाची भरभराट चालली आहे आणि ती कशामुळे. या दोन प्रश्नांवर आपल्याकडे लग्नाच्या कुठल्याही पंगतीत मठ्ठा येईपर्यंत चर्चा होते. फ्रँकलिननं त्यासाठी वार ठरवला आणि उत्तरं स्वतःला लावून बघायची सवय लावली. आमच्या काकांना हा इतिहास सांगितल्यापासून ते जरा ताठ बसतात. छापखानेवाल्यांनी सुरू केलेली परंपरा आहे, म्हणतात.

आपल्याकडे अशा मंडळींची गरज का पडते, याचं माझं एक मत आहे. व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला पंधराव्या वर्षापर्यंत पुष्कळ गोष्टी जेवताना फुकट ऐकायला मिळतात. काकांनी अमुक गिऱ्हाइकाची उधारी कशी वसूल केली, आजोबांनी मंदीत माल का धरून ठेवला, मामा कोणाला जामीन राहून कसे बुडाले. माझ्या घरी जेवताना महागाई भत्ता, बदली आणि पेन्शन हे विषय असत. वडिलांच्या शिकवणीत खोट नव्हती. पण चेक परत आला की पहिला फोन कोणाला करायचा, हे त्या शिकवणीत नव्हतं. तेव्हा जे काका-मामा जन्मानं मिळाले नाहीत ते आम्ही मोठेपणी दत्तक घेतले, एवढंच. मोठ्या प्रमाणावर हे काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेतच. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे; मराठी उद्योजकांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब काढला. त्यांच्या मानानं आमचा म्हणजे चहाच्या एका किटलीत मावणारा गट.

पण त्या किटलीभर गटानं चकलीचं काय केलं, ते सांगितलं पाहिजे.

ताईंची भाजणीची चकली अशी, की खाणारा आधी गप्प होतो. दिवाळीच्या आधी दीड महिना त्यांच्या घरात बोलायला कोणाला सवड नसते. चकलीचा विषय निघाला, की त्यांना कोणीतरी लिज्जतचं उदाहरण देतोच. १९५९ साल, गिरगावातली गच्ची, सात बायका, उसने घेतलेले ऐंशी रुपये. ताईंनी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की एकदा त्या म्हणाल्या, “त्या सात होत्या हो. मी एकटी आहे.”

एका गुरुवारी त्यांनी प्रश्न टाकला. दिवाळीत एवढा माल जातो, फोन खाली ठेवायला वेळ नसतो, आणि मार्गशीर्षात खात्यात बघावं तर काही नाही. पैसे जातात कुठे?

“ताई, किलोला पडतं किती?” सीएनसीवाल्यानं खिशातून पेन काढलं.

“दोनशे दहा. भाजणी, तेल, तीळ, तिखट, गॅस सगळं धरून.”

“विकता?”

“चारशेला. म्हणजे एकशे नव्वद सुटतात.”

सीएनसीवाल्यानं कागद पुढे ओढला आणि चकलीला त्यानं जॉबवर्कसारखं घेतलं. सेटिंग टाइम किती? ताईंना कळेना. म्हणजे पहिला घाणा पडायच्या आधी किती वेळ जातो? पीठ भिजवणं, तेल तापणं, पाऊण तास. सायकल टाइम? एका घाण्याला किती मिनिटं, किती नग? ऑपरेटर किती? एक मावशी येतात, रोज सहाशे घेतात, दिवसाला बारा किलो होतात. मग त्यानं विचारलं, “रिजेक्शन?”

“रिजेक्शन कसलं?”

“तुटतात त्या.”

“अहो, तुटणारच. सोऱ्यातून काढताना, तळताना, डबा भरताना.”

“किती टक्के?”

ताईंनी असा विचार कधी केलेला नव्हता. शेवटी दहावा हिस्सा तरी तुटतो, असं निघालं.

“त्याचं काय करता?”

“नणंदेला देते,” ताई म्हणाल्या.

कागदावर बेरीज उतरत गेली. माल दोनशे दहा. पिशवी, लेबल, खोकं अठरा (खोकं माझंच, म्हणून मी त्या वेळी बाहेर बघत होतो). मावशींचे किलोमागे पन्नास. झाले दोनशे अठ्ठ्याहत्तर. दहा टक्के तूट धरली, की चांगली, अखंड, विकता येईल अशी एक किलो चकली पडली तीनशे नऊला. दुकानदाराचं वीस टक्के कमिशन, म्हणजे चारशेवर ऐंशी. एकूण तीनशे एकोणनव्वद.

किलोमागे उरले अकरा रुपये. बारा किलोंतला दहावा हिस्सा तुटला, उरलेल्या दहा किलो आठशे ग्रॅमचे एकशे एकोणीस.

ताई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे मावशींना दिवसाला सहाशे आणि मला एकशे एकोणीस.”

“तेही तुम्ही पहाटे चारला उठता ते फुकट धरून,” काका म्हणाले.

“मग मीच मावशींकडे कामाला जाते!”

हसून झालं, पण त्या हसण्यानंतर जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. सीए वर्षाचा हिशोब बघतो, त्याच्या तक्त्यात तुटलेल्या चकलीला रकाना नसतो. घरच्यांनी हे काम ‘तिची आवड’ म्हणून कौतुकानं बाजूला ठेवलेलं. बँकेनं विचारलं ते तारण. ‘तुमच्या स्वतःच्या वेळेचे किती धरले?’ हा प्रश्न विचारायला, रात्री दोन वाजता स्वतः मशिनवर उभा राहणारा माणूसच लागला. ताईंनी भाव चाळीस रुपयांनी वाढवला. सीएनसीवाला ऐंशीनं वाढवा म्हणत होता, ताईंनी त्याला सांगितलं, की लेथला शेजारीणबाई नसतात. काही गिऱ्हाइकं गेली. दोन दुकानांना माल देणं त्यांनीच बंद केलं आणि सोसायट्यांमध्ये थेट द्यायला लागल्या, त्यामुळे तिथलं कमिशन वाचलं. तुटलेली चकली आता वेगळ्या पिशवीत निम्म्या भावानं जाते आणि सगळ्यात आधी संपते. नणंदबाई नाराज आहेत. सगळ्या गोष्टी एकदम थोड्याच साधतात?

एकाच धंद्यातल्या लोकांच्या संघटना वेगळ्या. त्याही लागतात, सरकारदरबारी एकट्या खोकीवाल्याचं कोण ऐकणार? ॲडम स्मिथनं १७७६ मध्येच लिहून ठेवलं आहे, की एकाच पेशातले लोक निव्वळ मौजेसाठी जरी भेटले, तरी बोलणं शेवटी गिऱ्हाइकाविरुद्ध कट करण्यावर आणि भाव वाढवण्यावर येतं. स्मिथसाहेब आम्हा खोकीवाल्यांच्या बैठकीला आले असते, तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. कागद गिरण्यांनी क्राफ्ट पेपरचा भाव वाढवला, की आम्ही जमतो, तावातावानं बोलतो, अमुक दराखाली कोणी माल द्यायचा नाही असं सर्वानुमते ठरतं. आणि सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरता प्रत्येक जण आपापल्या मोठ्या गिऱ्हाइकाला फोन लावून सांगतो, ‘साहेब, तुमच्यासाठी जुनाच दर.’ म्हणूनच गुरुवारी मला काकांपुढे मन मोकळं करता येतं. माझं गिऱ्हाईक पळवून त्यांना करायचं काय?

सकाळी सातला नाश्त्याला जमून एकमेकांना कामं मिळवून देणारे गटही असतात. मी एका ठिकाणी जाऊन आलो. प्रत्येकानं उभं राहून मिनिटभरात आपली ओळख करून द्यायची. माणसं उत्साही होती, उपमाही बरा होता. पण माझ्यापर्यंत पाळी येईस्तोवर तीन विमा सल्लागारांनी माझ्या मृत्यूबद्दल आस्थेनं चौकशी केली होती. काम मिळणं चांगलंच, त्याला मी नाही म्हणत नाही. पण जिथे गिऱ्हाईक मिळायची आशा असते, तिथे माणूस इस्त्रीचाच शर्ट घालून जातो आणि आकडा बँकेतलाच सांगतो.

आमच्याकडे एकच कडक नियम आहे: सल्ला द्यायचा नाही. आपल्या बाबतीत काय झालं, तेवढं सांगायचं. मोठमोठ्या उद्योजकांच्या गटांतही हीच पद्धत असते म्हणे, पण मराठी माणसाला ती पाळायला लावणं म्हणजे कसोटी आहे. अनुभवाच्या वेषात सल्ले येतात. “मी सल्ला देत नाही हं, पण माझा एक मित्र होता, त्यानं तुझ्यासारखाच मूर्खपणा केला होता.” पेस्ट कंट्रोलवाल्याचे असे मित्र तर इतके, की त्यांचीच एक औद्योगिक वसाहत होईल. तरी नियमाचा उपयोग होतो. ‘असं कर’ म्हटलं की ऐकणारा लगेच वकिली सुरू करतो. ‘माझं असं झालं’ म्हटलं की तो ऐकतो, आणि घरी जाताना सिग्नलला थांबल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडतो.

थकलेल्या पैशांचा विषय मात्र दर बैठकीला असतोच. २००६ चा कायदा म्हणतो, की लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करा, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या. आयकराच्या नियमातही १ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद लागू झाली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. कायदा उत्तम आहे. फक्त तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा कसा, हे त्यात लिहिलेलं नाही. व्याजाचं बिल एकदा पाठवता येतं. पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते. तेव्हा गुरुवारी माहिती फिरते ती अशी: अमक्यांकडे खरेदी विभागाला फोन करून फायदा नाही, अकाउंट्समधल्या मॅडमना मंगळवारी सकाळी भेटा. तमक्यांचे चेक तिमाहीच्या शेवटीच निघतात. आणि एका नावावर सगळे एकदम मान हलवतात, तेव्हा समजायचं, की तिथे माल उधारीवर पाठवायचा नाही. कुठल्याही बँकेच्या अहवालापेक्षा मी त्या मान हलण्यावर जास्त विश्वास ठेवतो. व्हॉट्सॲपवरही हेच चालतं. सकाळची फुलं आणि सुविचार आम्ही बंद केले, त्यामुळे ‘पाच एचपीची मोटर कोणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल?’ असा निरोप आला, की दहा मिनिटांत मोटरच काय, ती बसवणारा माणूसही मिळतो.

सगळं गोड नाही. गटामुळे धंदा तरतोच असं काही नसतं. आमच्यातल्या एकाचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट होतं. लॉकडाउनमध्ये त्याचं मोठं गिऱ्हाईक गेलं ते परत आलंच नाही. दोन वर्षं तो ओढत राहिला. धंदा सुरू कसा करावा याची पुस्तकं ढिगानं मिळतात, बंद कसा करावा हे कोणी शिकवत नाही, आणि विचारायची लाजही वाटते. त्याचा खरा आकडा आमच्याकडे होता. काकांनी एकदा अशीच एक जुनी शाखा बंद केली होती, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. आधी कामगारांचे पैसे, मग पुरवठादारांचे, वीज कंपनीकडची अनामत कशी परत मागायची, जीएसटीचं शेवटचं विवरणपत्र कधी भरायचं. सीएनसीवाल्यानं त्याच्या मशिनला गिऱ्हाईक आणलं, नाही तर ते भंगारच्या भावानं गेलं असतं. पेस्ट कंट्रोलवाल्यानं वाळवीचा उल्लेख न करता दोन तास त्याच्याबरोबर गोदाम आवरलं. आज तो एका कंपनीत उत्पादनाचं बघतो, नियमित पगार घेतो आणि तरीही गुरुवारी रजा टाकून येतो. नियमानं त्याला बसता येत नाही, कारण तो आता मालक नाही. हा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही.

गेल्या खेपेला बैठक सीएनसीवाल्याकडे होती. दुसऱ्याच्या जागेत गेलं की डोळे आपोआप तपासणी अधिकाऱ्याचे होतात. शेड लख्ख झाडलेली, म्हणजे सकाळीच झाडलेली. ताईंनी सगळीकडे नजर फिरवली, कोपऱ्यातल्या रॅकवर धूळ बसलेले सुटे भाग बघितले आणि विचारलं, “हे कधीपासून पडलंय, भाऊ?” उत्तर नीट आलं नाही. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं.

“तुमच्या मशिनचा तासाचा दर काय?”

“तीनशे पन्नास.”

“कधी ठरवला होता?”

“दोन हजार एकोणीसला.”

“वीज तेव्हाच्याच दरानं मिळते?”

काका चहाच्या कपात हसले.

“आणि रात्री तुम्ही स्वतः मशिनवर असता, त्याचे किती धरलेत?”

तासाचा दर दोन दशांशांपर्यंत सांगणारा माणूस छताकडे बघत म्हणाला, “ताई, आमचं जरा वेगळं आहे.”

एवढा गदारोळ आमच्या बैठकीत कधी झाला नव्हता. जाता जाता एक नवा नियम झाला: ‘आमचं जरा वेगळं आहे’ असं जो म्हणेल त्यानं तिथल्या तिथे पन्नास रुपये डब्यात टाकायचे. डबा माझ्याकडे असतो, अर्थात पुठ्ठ्याचा. दिवाळीपर्यंतच्या चहाची सोय झालेली आहे, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याचं म्हणणं पडलं, की त्याच पैशात आता भजीही आणायला हरकत नाही.